आपट्याच्या गळ्यातली बन्नीची पाटी

प्रवासाला निघण्यापूर्वी एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. चष्म्याला दोरी लावून तो गळ्यात लटकवणे हा गृहस्थाश्रमी पुरुषाच्या प्रतिष्ठेवरचा हल्ला आहे. गाईच्या गळ्यात घंटा शोभते, नवरदेवाच्या गळ्यात हार निदान तासभर तरी शोभतो. पण छातीवर लोंबकळणारा चष्मा घेऊन स्टेशनावर उभा असलेला माणूस हरवू नये म्हणून खूण बांधून ठेवलेल्या सामानासारखा दिसतो. त्यातून माझी दोरी जांभळी होती आणि तिला मणी होते. आमच्या सौभाग्यवतींनी ती स्वतः निवडली आणि स्पष्टीकरण एका शब्दात दिलं, "हरवता." ही तक्रार ती वाचणारच, कारण या ब्लॉगवरचं सगळं सर्वांत आधी तीच वाचते. वाचावीच.

तर असा दोरीबद्ध होऊन मी फाल्गुनातल्या एका शनिवारी सोलापूरहून बीदरला निघालो. कारण सुमेधचा फोन. सुमेध म्हणजे कॉलेजातला माझा खोलीबंधू. तो रसायनशास्त्राचा, मी संस्कृतचा. त्याच्या कपड्यांना आम्लाचा वास आणि माझ्या बोलण्याला व्याकरणाचा. तो मूळचा आळंद तालुक्यातल्या निंबर्ग्याचा, आता बीदरजवळ कोळारच्या वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात मोठा माणूस आहे. रविवारी मात्र तो गावालगतच्या राखीव वनात लोकांना झाडं ओळखायला शिकवतो.

"शास्त्री," तो म्हणाला. हे नाव त्याने वसतिगृहात ठेवलं आणि माझ्या लग्नपत्रिकेपर्यंत पोचवलं. "झाडांना पाट्या लावल्यात. वर कन्नड, खाली मराठी. तिसरी ओळ तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय, संस्कृत नावं घालायला ये. आणि रविवारी जाली तोडायला सुरुवात हाय, ती बघायला तरी येच."

जाली म्हणजे आपली वेडी बाभूळ. परदेशातून आली, पाहुणी म्हणून राहिली आणि घरमालकीण झाली. तिच्या सावलीत दुसरं काही उगवत नाही. त्या वनातली जाली निघावी म्हणून सुमेधने दोन वर्षं वनखात्याच्या साहेबांचे उंबरठे झिजवले होते. शेवटी परवानगी मिळाली, तीही एका अटीवर: तोडायच्या प्रत्येक झाडावर खूण सुमेधच्या मंडळाने करायची आणि चूक झाली तर काम तिथेच बंद.

सोलापूर ते गुलबर्गा हा प्रवास रेल्वेनेच करावा. झोप लागायच्या आत उतरायची वेळ येते. स्टेशनाबाहेर कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तुरीचं वरण मिळतं. या वरणाबद्दल मी अधिक लिहीत नाही, कारण घरच्या वरणाशी माझे संबंध मला टिकवायचे आहेत. तिथून हुमनाबादमार्गे बीदरला एसटीसारख्याच बस सतत असतात. डावीकडची खिडकी धरा आणि कमलापूरला बस थांबली की लाल केळी घ्या. सोललं की आत केळं नेहमीचंच निघतं, पण मनाला वाटतं काहीतरी राजेशाही खाल्लं.

बसमध्ये शेजारी एक आजी होत्या. केळ्याचं साल त्यांनी पिशवीत नीट ठेवलं आणि चौकशी सुरू केली.

"कुटं निघालाव?"

"बीदरला. झाडं बघायला."

"कामून? तुमच्या गावात झाडं न्हाईत व्हय?"

"आहेत की."

"मग ती बगून झाली?"

 मी चष्मा पुसला.

सुमेध बसस्टँडवर स्कूटर घेऊन उभा होता. त्याने आधी माझ्याकडे नाही, दोरीकडे पाहिलं. "वहिनींनी दावं चांगलं निवडलंय," म्हणाला, आणि मला मागे बसवून थेट वनाकडे निघाला. प्रवेश फुकट आहे, फाटकावर फक्त नाव-गाव लिहावं लागतं. पायाखाली तांबडी, भोकाभोकांची जांभ्याची जमीन; साधी चप्पल घालून जाल तर पश्चात्ताप होईल. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला. मी घातला होता. पुढे काय झालं ते येईलच.

फाटकातून आत शिरताच समोर एक झाड उभं होतं. पान एक नाही आणि फांदीफांदीवर केशरी चोची. ऊन कलतीला लागलेलं आणि त्या चोचींमधून ते गळत होतं. मी थांबलो. हात वर झाला. तो तसाच धरून शेवटी म्हणालो, "किंशुक!"

सुमेध खो खो हसला. "पळस म्हण की रे! उतरला न्हाई तोवर सुरू झाला ह्याचा वर्ग. किंशुक म्हणे."

मीही हसलो. "किं शुकः? हा पोपट तर नव्हे? असं विचारणारं झाड आहे ते. तुझ्या पळसाला विचारता येतं का काही?"

"पळस इचारत न्हाई. पळस फुलतोय."

पुढे काटेसावर लागली. तिच्या जाडजूड लाल फुलांवर मैनांचं भांडण चाललं होतं. हिला मी मुद्दाम, नाटकी आवाजात शाल्मली म्हणालो. बहाव्याच्या काळ्या लांब शेंगांखाली उभा राहून आरग्वध म्हणालो. रुईला अर्क. सुमेध प्रत्येक वेळी कपाळावर हात मारत होता, आणि पाटीच्या तिसऱ्या ओळीवर मी खडूने नाव लिहीत चाललो होतो. घाणेरीपाशी तो म्हणाला, "हिला?" मी म्हणालो, "ही उशिरा आली. हिचं बारसं आमच्या ऋषींच्या हातून राहिलं." असे आम्ही मोठ्या मजेत पायवाटेच्या वळणावर पोचलो आणि तिथे मी पुन्हा थांबलो.

वळणावर एक वाकडंतिकडं, बुटकं झाड होतं. लांब काळपट शेंगा लोंबत होत्या आणि जुनी थोडी पानं टिकून होती. प्रत्येक पान मधोमध दुभंगलेलं, गाईच्या खुरासारखं. पाटीवर वर कन्नडात होतं "बन्नी" आणि खाली मराठीत "शमी".

"सुमेध, हा आपटा आहे."

"बन्नी हाय."

"आपटा. संस्कृतात अश्मंतक. शमीचं पान चिंचेसारखं बारीक असतं. हे पान बघ, वरून जणू कात्रीने कापलंय."

सुमेधने एक पान तोडलं, तळहातावर ठेवलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"पण हेच दसऱ्याचं सोनं ना?"

"सोनं हेच. पण बन्नी हे नव्हे."

तो तिथेच दगडावर बसला. "अरे, आमच्या घरी त्या दिवशी पांढरे कपडे, विहारात वंदना आणि आईच्या हातची खीर. धम्मचक्राचा दिवस तो. पानं वाटणं आमच्यात न्हाई. शाळेत पोरं हातात पान कोंबायची. मराठी पोरं म्हणायची सोनं घे, कन्नड पोरं म्हणायची बन्नी घे. मला वाटलं झाड एकच, नावं दोन. पेंटरनं इचारलं, सर, यात बन्नी कोणती? मी म्हणलं, ते बघ, सोन्याचं झाड."

ही चूक करायला सीमेवरच जन्म घ्यावा लागतो. इकडे लातुरात वाढलेल्याच्या कानावर बन्नी हा शब्द पडत नाही, आणि तिकडे धारवाडाकडच्या माणसाला आपट्याचं सोनं माहीत नसतं. दोन्ही शब्द कानात आणि दोन्ही पानं देव्हाऱ्याबाहेर, अशा माणसाच्याच हातून हे होऊ शकतं. मी त्याला हे समजावून सांगितलं. मला वाटलं हसेल. तो हसला नाही.

"शास्त्री, ही बन्नी नसंल, तर ह्या वनातली बन्नी कोणती?"

"असेलच असं नाही."

"हाय. जुने लोक सांगतेत, पाण्याच्या टाकीकडच्या अंगाला एक बन्नी हाय. मी म्हणायचो, ती तर सापडली, पाटी लावली." तो उठला. "आणि टाकीकडच्या सगळ्या काटेरी झाडांवर मी लाल फुली मारलीय. जाली म्हणून. उद्या उजाडता मशीन येतंय."

आम्ही टाकीकडे धावतच गेलो. पण तोवर अंधारलं होतं. जाली आणि बन्नी, दोघींची पानं बारीक, दोघी काटेरी, एकाच कुळातल्या चुलत बहिणी. मोबाइलच्या उजेडात सगळी झाडं सारखीच अपराधी दिसत होती.

रात्री जेवताना सुमेधच्या बायकोने, विशाखाने, सगळं ऐकून घेतलं. ती कन्नड शाळेत शिकवते. तिने आधी नवऱ्याच्या ताटात भाजी वाढली, मग त्याच्याकडे पाहिलं.

"दसऱ्याला माझ्या शाळेत काय म्हणतेत, माहितीय? बन्नी तगोंड बंगारधांग इरोण. म्हंजे बन्नी घ्या, सोन्यासारखं राहूया. आन् मराठीत काय? सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. बोलणं तेच, झाड दुसरं. मला इचारलं असतंत तर पेंटरच्या आधी सांगितलं असतं."

"इचारलं न्हाई," सुमेध म्हणाला.

"ते कळालं."

त्याने भाकरीचा तुकडा तसाच ताटात ठेवला. "फुली चुकली म्हणून सांगितलं तर साहेब काम बंद करणार. जाली पुन्हा दहा वर्षं तिथंच. न्हाई सांगितलं तर वनातली एकुलती एक बन्नी माझ्या हातच्या फुलीनं पडणार."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? आधी सापडू तर दे."

रविवारी उजाडताना आम्ही पोचलो तेव्हा ठेकेदार सिद्दप्पा आमच्याआधी हजर होता. भरदार मिशी, गळ्यात सोन्याची साखळी, हातात यांत्रिक करवत आणि आवाज असा की करवत बंद असली तरी चालू वाटावी. घराणं धनगरांचं, मेंढरं आजोबांबरोबर संपली, आता त्याचा लाकूड तोडायचा ठेका आहे. सुमेधने त्याला थांबायला सांगितलं.

"कामून सर? फुल्या तुमीच मारल्याव."

"एक झाड चुकलंय बहुतेक. त्यात बन्नी हाय."

"बन्नी तर तिकडं वळणावर हाय. पाटी लटकायलीय की. कन्नडात लिवलंय."

"पाटी चुकलीय."

सिद्दप्पाने करवत खाली ठेवली. "सर, पाटी चुकली, फुली चुकली. आता रविवार हाय का, ते तरी बघून सांगा."

मी पुढे झालो. या प्रसंगासाठीच तर मी बालपणी पाठशाळेत घोकंपट्टी केली होती. डोळ्यांवर चष्मा चढवला आणि एक हिरवंगार, डौलदार झाड निवडलं. खोडावर हात ठेवून सांगितलं की शमीच्या पोटात अग्नी असतो असं आपले पूर्वज मानत आणि यज्ञासाठी तो तिच्याच लाकडातून घासून काढत. मी वाकून साल न्याहाळू लागलो.

"काय स्वामी," सिद्दप्पा म्हणाला, "पोरगी बगायला आल्यासारखं काय बगायलाव?"

मी फांदी धरली आणि मोठ्याने ओरडलो. दोन काटे एकदम, सदऱ्याच्या पूर्ण बाहीतून, थेट मनगटात.

"निगाला की अग्नी!" सिद्दप्पा आनंदाने म्हणाला.

पण सुमेध त्या फांदीकडे टक लावून बघत होता. "थांब, हात काढू नको."

"काढणं माझ्या हातात राहिलेलं नाही."

"काटे जोडीनं हायत. पान जिथून फुटतं बरोबर तिथं, दोन्ही बाजूला एकेक. ही जाली. बन्नीचे काटे असे जोडीनं येत न्हाईत. बारके, बुडाला रुंद, गुलाबासारखे, दोन पानांच्या मधी कुठंबी. वाचलं होतं रे मी! रातभर आठवायलो होतो."

अशा रीतीने माझ्या रक्ताने शास्त्र सिद्ध झालं. मग आम्ही तिघेही झाडामागून झाड बोटांनी चाचपत निघालो. जोडी, जोडी, जोडी. सिद्दप्पा आधी खिदळत होता, मग तोही मोठ्याने बोलू लागला, "जोडी! हीबी जोडी!" जणू लग्नं जुळवत होता. टाकीच्या अगदी मागे, जाल्यांच्या गर्दीत दबलेलं एक करड्या पानांचं झाड होतं. साल अशी भेगाळलेली की आटलेल्या तळ्याचा तळ उभा करून ठेवावा. बारीक फांद्यांवर लाकडी गाठी आणि पानांआडून पिवळट फुलांचे नाजूक तुरे. खोडावर सुमेधची लाल फुली.

सिद्दप्पाने फांदी धरली. अंगठा पानाच्या बुडाशी नेला. काही नाही. मग दोन पानांच्या मधून सावकाश फिरवला आणि थांबला. पुन्हा फिरवला.

"काटा मधीच हाय," तो हळू म्हणाला. त्याचा आवाज इतका खाली येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. त्याने पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या.

"आमच्या घरात बन्नीला कुऱ्हाड लावत न्हाईत, सर. माज्या आज्यानं वाळली फांदीबी कदी तोडली न्हाई. आन् तुमी माज्या हातनं..." वाक्य अर्धंच टाकून तो खाली वाकला. ओंजळभर तांबडी माती घेतली, बाटलीतलं पाणी ओतून कालवली आणि फुलीवर थापली. लाल रंग तांबड्या मातीत गेला.

एव्हाना सुमेधची रविवारची मंडळी फाटकातून आत आली होती. निवृत्त लोक, कॉलेजच्या मुली, पोरांना कडेवर घेतलेले दोन बाप. सिद्दप्पाने सुमेधकडे पाहिलं. "साहेबांला फोन मी करू का तुमी?"

सुमेधने तिथेच, सगळ्यांसमोर साहेबांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पाटी चुकली, फुली चुकली, दोन्ही मीच केलं, एक झाड वाचलं, एवढं त्याने सरळ सांगितलं.  मग साहेब म्हणाले, "बाकीच्या फुल्यांची खात्री कोण देणार?"

सुमेधने तोंड उघडायच्या आत सिद्दप्पा फोनमध्ये ओरडला, "मी देतो, साहेब! प्रत्येक झाडाचा काटा मी सोता बगणार. जोडी दिसंल तरच मशीन लावणार!"

आणि मागून एक जाडजूड अक्का म्हणाल्या, "आन् आम्ही दर दसऱ्याला त्या वळणावरचीच पानं बन्नी म्हणून वरबाडून नेतो, त्याचं काय?" सगळे हसले. फोनमधले साहेबही हसले असावेत, कारण ते म्हणाले, "चालू द्या."

मग काय विचारता! जाली पडू लागली. एकेक झाड कोसळलं की टाकीच्या बाजूला आभाळाचा नवा तुकडा दिसायचा. मंडळी टाळ्या वाजवत होती. कॉलेजच्या मुली काटे तपासायला पुढे पळत होत्या आणि "जोडी!" असं ओरडत होत्या. तासाभरात ती बन्नी चहूबाजूंनी मोकळी झाली आणि सकाळचं ऊन पहिल्यांदा तिच्या बुडापर्यंत पोचलं. मधमाश्याही आल्या. त्यांना पाटी लागत नाही.

पाटी हलवायची तर आपट्यावरची जुनी तार गंजून तुटली. बांधायला कुणाकडे काही नाही. माझी नजर छातीकडे गेली. मी चष्मा खिशात टाकला आणि जांभळी दोरी सोडवून दिली. बन्नीच्या खालच्या फांदीला आता मण्यांच्या दोरीने पाटी लटकते आहे. नव्या पाटीपर्यंत आपट्याला विशाखाने पुठ्ठ्यावर तीन भाषांत नाव लिहून दिलं. पळसाच्या पाटीवर मी स्वतः ब्रशने, सुवाच्य अक्षरात, किंशुक लिहिलं. नंतर फाटकाबाहेर सिद्दप्पाने सगळ्यांना फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरचीभजी खाऊ घातली. माझ्या मनगटाकडे बोट दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगत होता, "हे स्वामी. यांच्या हातातनं अग्नी निगतो."

तुम्ही जाणार असाल तर पानगळीतच जा. पान नसलं की झाड फूल, साल आणि काट्यांनिशी बोलतं. सकाळी जा. पाणी न्या. आणि कोणत्याही झाडाला आधी नमस्कार, मग हात.

सोमवारी घरी पोचलो. दार उघडताच प्रश्न आला, "दोरी कुठंय?"

"बन्नीच्या गळ्यात."

सगळी हकिगत सांगितल्यावर ती पोट धरधरून हसली. किंशुकाची गोष्ट तिने दोनदा सांगायला लावली. आता दुसरी दोरी आणली आहे, लाल.

आता एक गोष्ट, जी तिला सांगितली नाही. शनिवारी संध्याकाळी त्या केशरी झाडाखाली मी ऐट करत नव्हतो. शाल्मली मुद्दाम म्हणालो, आरग्वध मुद्दाम म्हणालो. किंशुक मुद्दाम म्हणालो नाही. झाड समोर होतं, फुलं ओळखीची होती आणि पळस हा शब्द मला आठवत नव्हता. हात वर करून मी तो शोधत होतो. पाठशाळेत घोकलेला आला, आईच्या तोंडून ऐकलेला आला नाही. सुमेधने उच्चारला तेव्हा कुठे मिळाला. हे पहिल्यांदा झालेलं नाही. मागे किसणीचं झालं, वर्गात शिकवताना एका मुलीच्या नावाचं झालं. वडिलांचंही असंच सुरू झालं होतं, आधी वस्तू, मग माणसं. मला भीती वाटते.

तिला तोंडाने सांगणं जमत नाही, म्हणून इथे लिहिलं. सर्वांत आधी तीच वाचते.